कोऑर्डिनेशन नाही कसं, उलट नको तिथे जास्त आहे

पत्र थोडक्यात असं: सांगलीकडच्या एक ताई आहेत, वय ४४, नोकरी करतात. पहाटे उठून भाकऱ्या करून, डबे भरून साडेसहाच्या लेडीज बॅचला पोहायला पळतात, आठवड्यातून ३ दिवस, ४५ मिनिटं. ६ आठवडे झाले. मुलगी ९ वर्षांची, ती उन्हाळी बॅचमध्ये १२ दिवसांत पोहायला लागली. ताईंचं मात्र फ्रॉग स्टाईलमध्ये घोडं अडलंय. बार धरून पाय मारले की सर म्हणतात छान, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून हात केले तरी छान, दोन्ही एकत्र केलं की सगळा बट्ट्याबोळ, जागच्या जागी धडपड आणि नाकात पाणी. सर म्हणाले "ताई, तुमच्यात कोऑर्डिनेशनच नाही, आणि आता वय पण झालं". घरी हसतात. शाळेत गॅदरिंगच्या नाचात पण बाईंनी मागच्या रांगेत टाकलं होतं, तेही आठवलं. ताई विचारतात, सोडून देऊ का? का मला खरंच काही प्रॉब्लेम आहे, डॉक्टरला दाखवू? आणि मुलगी रोज विचारते आई आज जमलं का, तिला काय सांगू?

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्याशी थांबले, "माझे हात आणि पाय एकमेकांचं ऐकतच नाहीत". मला वाटतं नेमकं उलटं झालंय, ते एकमेकांचं फारच ऐकतायत. तेच सांगते, पण आधी एक छोटा प्रयोग करा, आत्ता, वाचता वाचता.

दोन्ही हातांची पहिली बोटं समोर धरा आणि गाडीच्या वायपरसारखी हलवा, म्हणजे दोन्ही उजवीकडे, मग दोन्ही डावीकडे. सावकाश जमेल. आता स्पीड वाढवत न्या, वाढवत न्या, अजून. एका ठरावीक वेगाला बोटं तुम्हाला न विचारता आपोआप बदलतात आणि आरशातल्यासारखी हलायला लागतात, दोन्ही आत, दोन्ही बाहेर. तुम्ही कितीही ठरवलं तरी. हे अमेरिकेत स्कॉट केल्सो नावाच्या शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात मोजून दाखवलं आणि नंतर त्याचं गणितही मांडलं गेलं. हे कुणालाही होतं, तबलजीला सुद्धा आधी होतंच असणार. मुद्दा काय, तर शरीर कोऱ्या पाटीवर काही शिकत नसतं, त्यात काही जोड्या आधीपासूनच घट्ट बसलेल्या असतात, आणि घाई झाली, भीती वाटली की शरीर धावत त्या जुन्या जोडीकडेच जातं.

आता तुमची फ्रॉग स्टाईल. फ्रान्समधल्या लुडोविक सेफर्ट वगैरे संशोधकांनी नवशिके आणि पट्टीचे पोहणारे यांच्या कोपराचे आणि गुडघ्याचे कोन पाण्यात मोजले, २०१० च्या सुमाराला, तर नवशिक्यांचं जे चित्र निघालं ते वाचून तुम्ही म्हणाल हे माझं कुणी शूटिंग केलं. हात मिटतात तेव्हाच पाय मिटतात, हात लांब होतात तेव्हाच पाय लांब होतात. छत्रीसारखं, सगळं एकदम उघड, सगळं एकदम मीट. ही जोडी शरीराला सोपी जाते. पण पाण्यात ती तोट्याची आहे, कारण हात पाणी ओढतायत त्याच वेळी गुडघे पोटाशी आलेत आणि मांड्या फळीसारख्या पाण्याला आडव्या गेल्यात, आणि पाय मागे ढकलतायत तेव्हा हात अजून पुढे जायच्या वाटेवर पाण्याला धक्के देतायत. एकाने कमवायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी उडवायचं, मग शिल्लक काय राहणार, म्हणून तुम्ही जागच्या जागी. चांगल्या पोहणाऱ्याचं मात्र हात ओढताना पाय मागे सरळ, आणि पाय मारताना हात पुढे लांब, आणि मग थोडा वेळ दोन्ही लांब, नुसतं घसरत राहायचं.

म्हणजे तुमच्यात कोऑर्डिनेशन नाही हे म्हणणंच चुकीचं आहे, तुमच्यात जे आहे ते पाण्याला नको असलेलं आहे. नवी जोडी बसायच्या आधी जुनी सुटावी लागते, आणि सुटताना सगळंच विस्कटल्यासारखं वाटतं. तुम्ही बहुतेक आत्ता नेमक्या त्या मधल्या ठिकाणी आहात, तेही सोडून द्यायचा विचार करत.

आणि यातच तुमच्या दुसऱ्या कोड्याचं उत्तर आहे, की वेगवेगळं छान आणि एकत्र केलं की बट्ट्याबोळ असं का. कारण बार धरून तुम्ही पाय शिकलात, उभं राहून हात शिकलात, पण हाताचं आणि पायाचं नातं काय हे कुठेच शिकला नाहीत. सासू चांगली, सून चांगली, म्हणून घर चांगलं चालेल असं थोडंच असतं? शिवाय बारला धरलं की कंबर बारच्या जिवावर वर राहते, ती स्वतः वर ठेवायची असते हे बार सुटल्यावर कळतं.

मी विहिरीत शिकले, काकाने पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकललं होतं, त्या काळी डबा नाहीतर पांगाऱ्याची हलकी लाकडं हाच आमचा कोच. डबा बांधून मी महिनाभर ऐटीत पोहायचे. मग एक दिवस काकाने डबा काढला आणि तेच हात तेच पाय असून मी दगडासारखी खाली. रडले, म्हटलं मला येतच नव्हतं का? येत होतं की, पण ते मला आणि डब्याला मिळून येत होतं. डब्याशिवायचं पोहणं नव्याने शिकावं लागलं, ते मात्र आठवड्यात झालं.

आता "मला कोऑर्डिनेशन नाही" या वाक्याचा जरा समाचार घेऊ, कारण हे वाक्य घेऊन हजारो लोक फिरतायत, कुणी स्कूटी सोडते, कुणी गरब्यात काठावर उभी राहते, कुणी मुलाला क्रिकेटच्या कॅम्पमधून काढून आणते. तुम्ही समजताय की कोऑर्डिनेशन नावाची एक टाकी असते, कुणाची भरलेली, कुणाची रिकामी, आणि शाळेतल्या बाईंनी तुमची बघून रिकामी आहे म्हणून सांगितलं. पण असं नसतं. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात फ्रँकलिन हेन्री म्हणून संशोधक होते, त्यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी मांडलं की अशी एक सरसकट क्षमता नसते, कौशल्यं बरीचशी आपापली वेगळी असतात, एकात तरबेज असलेला दुसऱ्यात ठोंब्या असू शकतो. म्हणजे गॅदरिंगमधल्या मागच्या रांगेवरून पाण्यात काय होईल हे सांगता येत नाही.

आणि तुम्हीच लिहिलंय ना, पहाटे भाकऱ्या करून निघते म्हणून? ताई, भाकरी हे काय कोऑर्डिनेशन नाही? परातीत उजवा हात थापतोय आणि थापता थापताच भाकरी गोल फिरवतोय, डावा कडेला धरून ती फाटू देत नाहीये, मग अख्खी उचलून तव्यावर पिठाची बाजू वर करून टाकायची, त्यावर पाण्याचा हात फिरवायचा, आणि हे सगळं करताना तुमचं लक्ष डब्यात काय भरायचं याच्याकडे. पहिली भाकरी कशी झाली होती आठवतंय? माझी तर तीन तुकडे. तेव्हा पण दोन्ही हात एकमेकांशी भांडत होते, आणि कुणी म्हटलं नाही की हिच्यात कोऑर्डिनेशन नाही, म्हटलं येईल हळूहळू, कारण भाकरी न येऊन चालणारच नव्हतं. (हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही, पण शिकवायची पद्धत म्हणून बघा, सूट कुणी दिली नाही आणि शिक्काही कुणी मारला नाही.)

भाकरीवरून मला निकोलाय बर्नस्टाइन आठवतात. हे रशियन शास्त्रज्ञ, १९२० च्या दशकात मॉस्कोच्या कामगार संस्थेत हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचाली बघायचे, सांध्यांना छोटे छोटे दिवे बांधून फोटो काढायचे. सगळ्यांना वाटायचं की कसबी माणूस दर वेळी तीच हालचाल हुबेहूब करत असेल. निघालं वेगळंच, हातोड्याचं टोक बरोबर जागेवर पडतं पण खांदा, कोपर, मनगट दर घावाला थोडं थोडं वेगळं चालतं, एकाने कमी केलं की दुसरा सांभाळून घेतो. तुमची भाकरी बघा, नवं पीठ असलं तर हात एक, जुन्या ज्वारीचं विरी गेलेलं पीठ असलं तर हात वेगळा, पण भाकरी गोलच. बर्नस्टाइनचं म्हणणं होतं की सराव म्हणजे तेच उत्तर घोकणं नव्हे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवणं. आणि त्यांनी अजून एक गोष्ट हेरली, की शरीरात इतके सांधे, इतके स्नायू, ते सगळे एकदम सांभाळणं हाच खरा घोटाळा आहे, म्हणून नवशिका माणूस त्यातले बरेच कुलूप लावून टाकतो, ताठ होतो. पहिल्यांदा स्कूटर चालवणाऱ्याचे खांदे बघा, कानाला लागलेले असतात. पुढे १९९२ साली नेदरलँड्समध्ये स्कीइंगच्या यंत्रावर लोकांना शिकवताना हे मोजलं पण, सुरुवातीला गुडघे-कंबर घट्ट आवळलेले, आणि सराव होत गेला तसं कुलूप सुटत गेलं. सगळ्याच कौशल्यांत याच क्रमाने होतं असं नाही, पण तुमच्या सरांना सांगायला हरकत नाही की "ताई लाकडासारख्या ताठ होतात" ही तक्रार नाही, पहिली इयत्ता आहे.

मुलगी १२ दिवसांत शिकली हे खरं. पण हिशोब करू. तुमच्या १८ बॅच झाल्या, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे साडेतेरा तास. त्यातून वॉर्मअप काढा, बार धरून पाय काढा, रांगेत थांबणं काढा, काठाला धरून श्वास घेत गप्पा काढा (काढाच, मला माहितीये लेडीज बॅच काय असते), अख्खा स्ट्रोक, हात पाय श्वास सगळं मिळून, बॅचला १० मिनिटं होत असेल तर खूप झालं. म्हणजे १८० मिनिटं. तीन तास, ताई! तीन तासांत भाकरी आली होती का? आणि मुलगी रोज जायची, बॅच संपली तरी बाहेर येत नव्हती असं तुम्हीच लिहिलंय, तळाशी नाणी शोधणं, मैत्रिणीला ओढणं, उलटं पालटं होणं, तिच्या शरीराने शंभर प्रकारे पाणी चाखलं आणि चुकलं तर ती हसली. तुम्ही चुकलात की इकडे तिकडे बघता, कुणी पाहिलं का म्हणून. न्यूयॉर्कमध्ये कॅरेन अडॉल्फ या संशोधक बाईंनी नुकती चालायला लागलेली बाळं खेळताना मोजली, २०१२ सालची गोष्ट, तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. सतरा! आपण म्हणतो बाळ एका दिवसात चालायला लागलं. पडलेलं कुणी मोजत नाही ना, म्हणून.

वय झालं हे तर मला पटतच नाही. वयाने काही गोष्टी सावकाश होतात, मान्य, पण ४४ ला शरीर शिकायचं थांबतं असं काही नाही. आणि "मेंदूच तसा" असं पटकन म्हणायची सवय मोठ्या मोठ्यांना असते. नुकतं जन्मलेलं बाळ उभं धरलं तर पावलं टाकल्यासारखं करतं, दोनेक महिन्यांत ते थांबतं. बरीच वर्षं सांगत होते की मेंदू वाढला म्हणून ती क्रिया दबली. एस्थर थेलन या संशोधक बाईंनी १९८४ मध्ये अशा बाळांना छातीएवढ्या पाण्यात उभं धरलं आणि पावलं परत आली. बाळाच्या मांड्या गुटगुटीत होऊन जड झाल्या होत्या, इतकंच, पाण्याने वजन पेललं आणि पाय चालले. ठपका मेंदूवर, कारण मांड्यांचं.

तेव्हा डॉक्टरचा प्रश्न. लहान मुलांमध्ये हालचालींच्या समन्वयाची खरीखुरी अडचण असते, शाळकरी मुलांत साधारण ५ ते ६ टक्के, पण ती बटणं लावणं, लिहिणं, ताटातलं न सांडता खाणं, सायकल, अशी सगळीकडे आणि लहानपणापासून दिसते. तुम्ही नोकरी, घर, भाकरी सगळं करताय, एका फ्रॉग स्टाईलवरून हे नाव लावून घेऊ नका. ज्यांच्या मुलाला असं सगळीकडे जड जातं त्यांनी मात्र "वेंधळाच आहे" म्हणून सोडू नये, बालरोगतज्ज्ञांना, ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवावं, फरक पडतो. आणि आधी नीट जमत असलेलं मोठेपणी अचानक बिघडलं, चालताना तोल जायला लागला, एका बाजूचा हात ढिला पडला, बोलणं जड झालं, तर पोहायचा क्लास वगैरे विसरून लगेच हॉस्पिटल, त्यात वाट बघायची नाही.

मग आता करायचं काय. सोडणं हा पर्याय आहेच, त्यात पाप नाही, पण "मला येणारच नाही" म्हणून सोडू नका, कंटाळा आला म्हणून सोडा. फ्रीस्टाईलकडे वळणं हाही पर्याय, त्यात हात आणि पाय एकमेकांवर इतके अवलंबून नसतात, पण श्वासासाठी मान बाजूला वळवायची असते आणि त्यात अनेकांची गाडी अडकते, म्हणजे एक भांडण सोडून दुसरं घेणं. पर्सनल कोचिंग परवडत असेल तर घ्या, पण ते सर पण "हात असे, कोपर असं, टाच अशी" म्हणणार असतील तर पैसे वाया. मी तुमच्या जागी असते तर अजून ४ आठवडे इथेच राहिले असते, फक्त सराव बदलला असता.

सगळ्यात आधी श्वास, कारण माझा अंदाज आहे की घाईचं मूळ तिथेच आहे. बहुतेक नवशिके पाण्याखाली श्वास कोंडून ठेवतात आणि वर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही करू बघतात, तेवढा वेळच नसतो, मग घाबरतात, आणि घाबरलं की छत्री परत मिटते. काठाला धरून तोंड पाण्यात, नाका-तोंडाने बुडबुडे सोडत राहायचे, वर येऊन नुसतं घ्यायचं. रोज २० वेळा, गप्पा मारायच्या त्या वेळात.

मग अख्खा स्ट्रोक, पण मध्ये मोठी थांबण्याची जागा ठेवून. हात, श्वास, पाय, आणि मग लांब होऊन घसरत राहायचं, मनात एक-दोन-तीन म्हणत, वेग पूर्ण मरेपर्यंत काहीच करायचं नाही. त्या थांबण्यामुळे हात आणि पायाची फारकत होते, वायपरवाली बोटं आठवा, सावकाश असताना नवी जोडी टिकते आणि स्पीड आला की मोडते, म्हणून स्पीड हा आत्ता तुमचा शत्रू आहे. हे थोडं जमलं की एकदा हात आणि दोनदा पाय असं करून बघा, दुसऱ्यांदा पाय मारताना हात पुढेच राहतात त्यामुळे त्यांना आपोआप कळतं की पाय चालू असताना आपण गप्प बसायचं असतं. हे सगळं छातीएवढ्या पाण्यात, जीवरक्षक हजर असताना, एकटीने कधीच नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखलं तर थांबा, या किकमध्ये तिथे ताण येतो, गुडघे फार फाकवत असाल तर ते सरांना बघायला सांगा.

लक्ष कुठे ठेवायचं हे पण महत्त्वाचं. हालचाली कशा शिकल्या जातात यावर काम करणाऱ्या गॅब्रिएल वुल्फ यांनी वर्षानुवर्षं दाखवलंय की अवयवावर लक्ष ठेवण्यापेक्षा त्याने बाहेर काय घडतंय त्यावर ठेवलं तर हालचाल सुटसुटीत होते. "टाच बाहेर, गुडघा आत" असं घोकू नका, "पाणी मागे ढकलायचं" म्हणा, "समोरच्या भिंतीकडे घसरायचं" म्हणा. आणि सरांना नम्रपणे सांगा, सर, एका वेळी एकच गोष्ट सांगा. पाच सांगितल्या तर डोक्यात पाच आणि पाण्यात शून्य.

दिवसांचं म्हणाल तर शक्य असेल तर ३ दिवसांचे ५ करा, बॅच छोटी झाली तरी चालेल, रविवारी एकदम दोन तास करण्यापेक्षा ते बरं. ब्रिटनच्या टपाल खात्यात कर्मचाऱ्यांना कीबोर्ड शिकवताना १९७८ चा एक अभ्यास झाला, रोज एकच तास करणाऱ्यांना एकूण सगळ्यात कमी तास लागले, रोज चार तासवाल्यांना जास्त. गंमत म्हणजे रोज एक तासवालेच सगळ्यात नाखूश होते, त्यांना वाटत होतं आपण मागे पडलोय. तेव्हा तुम्हाला मागे पडल्यासारखं वाटतंय यावरून तुम्ही मागे आहात असं ठरत नाही. मधले दोन-चार दिवस आधीपेक्षा वाईट पण जातील.

घरी हसतात त्यांना एकदा डाव्या हाताने भाकरी थापायला लावा, तेवढं पुरे.

आणि मुलीचं. "आज जमलं का" हा प्रश्न तिच्याकडून काढून घ्या, त्याला हो किंवा नाही एवढीच उत्तरं आहेत. त्यापेक्षा तिला काम द्या. सुट्टीच्या दिवशी काठावर बसवा आणि सांगा, आई घसरायला लागली की मोठ्याने मोजायचं, एक, दोन, तीन. पहिल्या दिवशी ती दीडच्या पुढे जाणार नाही आणि ते तोंडावर सांगेल पण, सांगू दे.